माशाच्या काळजात उतरलेलं पाणी

मासे साफ करणाऱ्या बाईचा हात एका ठिकाणी हमखास मंदावतो. खवले खरवडताना, पर छाटताना, पोटाला चीर देताना तो सरसर चालतो. पण आतडी ओढायची वेळ आली की दोन बोटं हळूच आत जातात आणि हिरवट रंगाची एक इवलीशी पिशवी चाचपतात. मागच्या रविवारी कटला घेताना मी जरा घाई केली, तर मावशी म्हणाल्या, "थांबा की सर. पित्त फुटलं तर सगळा मासा कडू हुतोय. मग मलाच नावं ठेवता." पिशवी न फुटता निघाली. तिला चिकटून तपकिरी-लाल रंगाचा एक मऊ लगदाही निघाला. दोन्ही पाटीत गेलं. पाटीभोवती मांजरं बसलेलीच होती.

तो तपकिरी लगदा म्हणजे माशाचं यकृत. कटला-रोहूच्या जातीत ते आपल्यासारखं एका जागी गोळा झालेलं नसतं, आतड्याच्या वेटोळ्यांमधून पसरलेलं असतं. शिवाय स्वादुपिंडाच्या पेशीही त्यातच मिसळलेल्या असतात. आपण मराठीत काळीज म्हणताना छातीवर हात ठेवतो, पण खाटकाकडे काळीज मागितलं तर तो यकृतच तोलून देतो. खाटकाची मराठी इथे जास्त अचूक आहे. मी गेली बरीच वर्षं सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवतोय. त्या पाटीतल्या फेकलेल्या तुकड्यात मासा कुठल्या पाण्यात जगला याची जेवढी माहिती असते, तेवढी बाजारात तोललेल्या सगळ्या मासळीत नसते, हे मी मावशींना अजून पटवून देऊ शकलेलो नाही.

आता पाण्याकडे येऊ. सोलापूरकराला उजनी समजावून सांगायची गरज नाही. भीमेवरचं हे धरण 1980 साली पूर्ण झालं, साठवण क्षमता सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. आपलं पिण्याचं पाणी तिथलं, ऊस तिथला, आणि बाजारातली चिलापी, रोहू, कटला, मरळही बरीचशी तिथलीच. वरच्या बाजूला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. त्या शहरांचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. वाहती नदी घाण पुढे ढकलते. धरणात पाणी थबकतं, गाळ खाली बसतो आणि गाळाला चिकटलेलं जे काही असेल तेही तिथेच मुक्कामाला राहतं. त्यात काठावरच्या शेतातली फवारणी पावसाबरोबर उतरते. शहरातली तळी, गावोगावची ओढेनाले, साखर कारखान्यांच्या मळीचं पाणी, शहराच्या पूर्व भागातल्या डाइंगचं, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यांचं, रंगीत पाणी, हे सगळं या चित्राचेच भाग.

लोक मला विचारतात, "पाणी एवढं खराब असतं तर मासे मेले नसते का?" प्रश्न रास्त आहे, पण त्यातलं गृहीतक चुकीचं आहे. तळ्यात शेकड्यांनी मासे तरंगतात तेव्हा बहुतेक वेळा विष हे थेट कारण नसतं, श्वास कोंडणं हे असतं. 20 अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशाला तोच साडेसातपर्यंत येतो. आपला मे महिना डोळ्यांसमोर आणा. त्यात पाण्यात शेवाळ माजलेलं असेल तर दिवसा ते प्राणवायू सोडतं आणि रात्रभर स्वतःच ओढून घेतं. त्यामुळे पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो, आणि सकाळी फिरायला गेलेल्यांना मेलेले मासे दिसतात. विषाचं काम असं गाजावाजा करून होत नाही. मासा पोहत राहतो, खात राहतो, जाळ्यात येतो, बाजारात टवटवीत दिसतो. नुकसान आत चाललेलं असतं आणि त्याची पहिली खूण बहुधा यकृताच्या पेशीत उमटते.

यकृतातच का? माशाच्या अंगात परकी रसायनं दोन वाटांनी शिरतात. एक कल्ल्यांतून. श्वासासाठी मासा दिवसभर कल्ल्यांवरून पाणी सोडत असतो आणि पाण्यात विरघळलेलं थोडंथोडं रक्तात मुरत जातं. दुसरी वाट अन्नाची. गाळातले किडे, शेवाळ, छोटे मासे, जे खाल्लं त्यात आधीच साठलेलं जे असेल ते. आतड्यातून निघालेलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जातं. म्हणजे पोटात गेलेल्या प्रत्येक गोष्टीची झडती पहिल्यांदा इथे होते. जकात नाका म्हणा ना. आता जकात नाके गेले, पण आमच्या पिढीला त्यापुढची ट्रकची रांग आठवते.

या नाक्यावर नेमकं काय होतं ते समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं, म्हणून इथे थोडं सावकाश जाऊ.

बरीच प्रदूषकं तेलकट स्वभावाची असतात. पाण्यात विरघळायला नाराज, चरबीत विरघळायला तयार. अशा पदार्थाला शरीराबाहेर काढणं अवघड, कारण बाहेर जायचे रस्ते सगळे पाण्याचे. मग यकृताची पेशी त्याचं रूप बदलते. पहिल्या पायरीवर ती त्या रेणूला प्राणवायूचा एक अणू जोडते. म्हणजे गुळगुळीत भांड्याला पकडायला कान बसवल्यासारखं. हे काम करणाऱ्या विकरांच्या (एन्झाइमांच्या) कुळाचं नाव सायटोक्रोम पी 450. ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी 1962 साली हे नाव रूढ केलं. कार्बन मोनॉक्साइड जोडला गेला की हे द्रव्य 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतं, त्यावरून पी 450. दुसऱ्या पायरीवर त्या कानाला पाण्यात विरघळणारं एक ओझं अडकवलं जातं, बहुधा ग्लुटाथायोन किंवा ग्लुकुरॉनिक आम्ल. झाला पदार्थ धुण्याजोगा. मग तो पित्तात सोडायचा, पित्तातून आतड्यात आणि तिथून बाहेर. मावशी जी पिशवी जपून काढतात, तिच्यात हा सगळा बाद माल जमलेला असतो. डांबर, कोळसा, डिझेल यांतून येणाऱ्या प्रदूषकांची चाचणी करताना शास्त्रज्ञ माशाचं पित्तच तपासतात. अतिनील प्रकाशात त्या पदार्थांचे अवशेष चमकतात.

आता यातली गोम. पहिली पायरी आणि दुसरी पायरी यांच्या मधल्या क्षणी तो पदार्थ मूळ पदार्थापेक्षा जास्त घातक असू शकतो. कान बसवलेला असतो, ओझं अजून अडकवलेलं नसतं. तो मोकळा कान समोर येईल त्याला पकडतो. कधी प्रथिनाला, कधी थेट डीएनएला. कोळसा आणि डांबराच्या धुरात बेन्झोपायरीन नावाचा पदार्थ असतो. तो मुळात फारसा आक्रमक नाही. यकृताने त्याच्यावर प्रक्रिया केली की त्यातून डीएनएला चिकटणारं रूप तयार होतं, आणि चिकटलेला तुकडा वेळेत दुरुस्त झाला नाही तर गाठीची सुरुवात होऊ शकते. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक आपल्याकडच्या शेतकऱ्यांना तोंडपाठ आहे. त्याचंही असंच आहे. शरीरातल्या याच विकरांनी त्याचं ऑक्सॉन नावाचं रूप बनवलं की ते मज्जासंस्थेवर मूळ औषधापेक्षा कितीतरी जोराने हल्ला करतं. यकृत विष मारतं हे वाक्य आपण शाळेत पाठ केलं. खरं तर यकृत विषाला बाहेर काढण्याजोगं बनवतं, आणि त्या खटाटोपात ते कधीकधी आणखी विषारी होतं. मला हा सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. नुकसान बाहेरून आलेल्या रसायनाचं जेवढं, तेवढंच पेशीच्या स्वतःच्या मेहनतीचंही.

हे काम सुरू करण्यासाठी पेशीत एक घंटा असते. विशिष्ट प्रकारचं प्रदूषक एका ग्राहक प्रथिनाला येऊन चिकटलं की ते प्रथिन केंद्रकात जातं आणि पी 450 बनवायचा हुकूम देतं. म्हणून यकृतात ही विकरं नेहमीपेक्षा जास्त दिसली तर समजायचं, घंटा वाजते आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एलिझाबेथ नदीत पिढ्यानपिढ्या घाणीत राहिलेल्या एका छोट्या माशाच्या जातीत ही घंटाच मंद होऊन गेली आहे. इतर मासे ज्या पाण्यात दगावतील तिथे ते निवांत फिरतात. तेव्हा "मासा जगतोय" हे पाणी चांगलं असल्याचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही. मासा कशाच्या बदल्यात जगतोय तेही बघावं लागतं.

रंगाचा विषय निघाला की मी जरा लांबण लावतो, कारण माझे वडील डाइंगमध्ये होते. सुताच्या लड्या हौदातून काढून दांड्यावर टाकायच्या, त्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे. त्यांच्याकडून मी एक गंमत लहानपणीच पाहिली. व्हॅट रंगाच्या हौदात हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट) टाकला की रंगाचं रूपच पालटतं, काही रंग तर फिके पडून ओळखू येत नाहीत. त्या रूपातच तो पाण्यात विरघळून सुतात शिरतो. लडी हवेत टांगली की मूळ रंग परत उजळतो. रसायनशास्त्रात त्या मधल्या रूपाला ल्युको रूप म्हणतात.

हेच रूप पुढे मला माशाच्या यकृतात भेटलं. मॅलाकाइट ग्रीन हा मूळचा कापडाचा रंग. बुरशीवर जालीम म्हणून तो अनेक देशांत मत्स्यपालनातही वापरला गेला. माशाच्या अंगात गेला की त्याचं ल्युको रूप होतं, बिनरंगी. मासा हिरवा दिसत नाही, पाणी हिरवं दिसत नाही, पण ते बिनरंगी रूप चरबीत जाऊन बसतं आणि मूळ रंगापेक्षा फार जास्त दिवस टिकतं. म्हणूनच खाण्याच्या माशांसाठी त्याच्यावर बंदी आली. अ‍ॅझो रंगांची गोष्टही याच वळणाची. या रंगांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा एक पूल असतो, रंग दिसतो तो त्या पुलामुळे. आतड्यातले जिवाणू आणि यकृतातली विकरं तो पूल तोडतात. रंग जातो आणि मागे उरतात अ‍ॅमाइन. त्यातली काही कर्करोगाशी जोडलेली आहेत. बेन्झिडीनपासून बनणारे रंग आपल्या देशात 1990च्या दशकात बंद केले गेले ते याच कारणाने. नाल्याचं पाणी लाल-निळं दिसलं की आपण ओरडतो, आणि ओरडावंच. पण नाला स्वच्छ दिसायला लागला म्हणून गप्प बसायचं की नाही, हा निर्णय डोळ्यांवर सोडता येत नाही.

धातूंचा हिशोब वेगळा. रसायन तोडता येतं, धातू तोडता येत नाही. तांबं हे तांबंच राहतं. द्राक्ष आणि डाळिंबवाल्यांना बोर्डो मिश्रण ठाऊक आहे. एक टक्क्याचं करायचं तर 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. त्यातलं मोरचूद म्हणजे तांब्याचंच क्षार. पानावर ते बुरशी मारतं, ओढ्यात गेलं तर माशाच्या कल्ल्यांना आणि यकृताला जाच करतं. यकृताच्या पेशीकडे यावर एक तोड आहे. मेटॅलोथायोनीन नावाचं छोटं प्रथिन. त्यात गंधकाची भरपूर टोकं असतात, ती तांबं, जस्त, कॅडमियम यांना घट्ट धरून ठेवतात. धातू आला की पेशी हे प्रथिन जास्त बनवते. तिजोरी भरेपर्यंत ठीक चालतं. भरली की मोकळं तांबं पेशीत हिंडायला लागतं आणि प्राणवायूची खोडकर रूपं तयार करतं. ती पेशीच्या पातळ स्निग्ध पडद्यावर तुटून पडतात. तेल खवट होतं ना, हुबेहूब तीच रासायनिक क्रिया जिवंत पेशीच्या कडेला सुरू होते. प्रयोगशाळेत मोजतात तो मॅलॉनडायअल्डिहाइड म्हणजे या खवटपणाचंच माप.

आपल्या भागाला एक फायदाही आहे. सोलापूरचं पाणी जड. इथे साबणाला फेस येत नाही आणि बादलीवर पांढरा थर चढतो म्हणून घराघरांत कुरकुर असते. पण पाण्यातलं हेच कॅल्शियम कल्ल्यांवर तांब्याच्या आधी जागा अडवतं, त्यामुळे जड पाण्यात तांब्याचा त्रास माशाला कमी होतो. मऊ पाण्यात मासे मारणारी मात्रा जड पाण्यात तेवढी मारक ठरत नाही. मात्रेचा आकडा पाण्याच्या जातीशिवाय वाचू नये तो यामुळेच.

आणि मग हिरवं पाणी. सांडपाण्यातला नायट्रोजन-फॉस्फरस म्हणजे फुकटचं खत. त्यावर निळं-हिरवं शेवाळ माजतं. त्याला शेवाळ म्हणतात खरं, पण ते जिवाणूंच्या जातीचं. त्यातले काही मायक्रोसिस्टिन नावाचं विष बनवतात. हे विष नेमकं यकृतालाच गाठतं म्हटलं तरी चालेल. एरवी ते पेशीच्या पडद्यातून आत शिरू शकत नाही, पण पित्तातले घटक आत घेण्यासाठी यकृताच्या पेशीला जी खास दारं असतात त्यांतून ते बिनधास्त आत जातं. आत जाऊन ते पेशीचा सांगाडा सांभाळणारी विकरं बंद पाडतं. पेशी एकमेकींचा हात सोडतात, गोल होतात, मधे रक्त साचतं. हे फक्त माशापुरतं नाही. 1996 साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष होतं. 50हून जास्त रुग्ण दगावले. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने यातल्या मुख्य प्रकाराची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम घालून दिली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

नर माशाच्या पोटात अंड्याच्या बलकाचं प्रथिन सापडावं हे ऐकायला चमत्कारिक वाटतं. पण तसं सापडतं. व्हिटेलोजेनिन हे बलकाचं प्रथिन मादीच्या यकृतात बनतं, अंडाशयातून आलेल्या स्त्री-संप्रेरकाच्या हुकमावर. नराच्या यकृतातही ते बनवायची सोय असते, फक्त हुकूम कधी येत नाही. संततिनियमनाच्या गोळ्यांतलं संप्रेरक मूत्रावाटे सांडपाण्यात आणि तिथून नदीत पोहोचलं की नराचं यकृत तो हुकूम पाळतं. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 2001 ते 2003 अशी तीन वर्षं एका प्रायोगिक तळ्यात हे संप्रेरक मुद्दाम मिसळून पाहिलं, लिटरला अवघे 5-6 नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. नरांच्या अंगात बलकाचं प्रथिन आलं, आणि तिथल्या एका छोट्या माशाची वस्ती जवळजवळ संपली. मासे मेले नव्हते. त्यांना पिल्लंच होईनाशी झाली.

हे सगळं आत घडतं, तर दिसतं कसं? मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा निरोगी यकृताची काचपट्टी दाखवतो. मासा कापल्याबरोबर यकृताचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, मग अल्कोहोलने पाणी काढायचं, झायलीनने धुवायचं, मेणात बसवायचं आणि 5 मायक्रॉन जाडीचे काप काढायचे. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा. निरोगी पट्टीत पेशी फरशा बसवल्यासारख्या दिसतात. कडा स्पष्ट, मधोमध गोल केंद्रक, त्यात एक गडद ठिपका. पेशींच्या रांगांमधून बारीक रक्तवाहिन्या, त्यात अंडाकृती लाल पेशी. माशाच्या लाल पेशीलाही केंद्रक असतं, आपल्याला नसतं, दरवर्षी कोणीतरी ते बघून "सर, हे काय आहे?" विचारतंच.

मग दुसरी पट्टी. पेशी फुगलेल्या, कडा पुसट. काहींमध्ये पांढऱ्या गोल पोकळ्या आणि केंद्रक एका कोपऱ्यात दाबलेलं, पाहुणे आले की घरातलं सामान भिंतीला सरकवतात तसं. त्या पोकळ्या खरं तर रिकाम्या नव्हत्या. तिथे चरबीचे थेंब होते, झायलीनने ती चरबी विरघळून गेली. पट्टीवर दिसतो तो थेंबाचा फक्त ठसा. जिथे पेशी मरायला लागली तिथे केंद्रक आक्रसून काळा ठिपका होतं, पुढे तेही विरतं आणि नुसता गुलाबी डाग उरतो. मधेमधे तपकिरी पुंजके दिसतात. ते भक्षक पेशींचे. मेलेल्या पेशी गिळून त्यांचा कचरा पोटात घेऊन बसलेले सफाई कामगार. पुंजके जितके जास्त, तितकी आत पडझड जास्त झालेली.

इथे मी नवशिक्यांना लगाम घालतो. चरबीचे थेंब दिसले की लगेच "प्रदूषण!" म्हणायचं नाही. शेततळ्यात ढेपेवर आणि कोंड्यावर पोसलेल्या माशाचं यकृतही चरबीने भरतं. उपाशी माशाच्या पेशी आक्रसतात. अंडी घालायच्या हंगामात मादीचं यकृत वजनाने वाढतं, कारण तिथे बलकाचा कारखाना सुरू असतो. म्हणून तुलनेला त्याच जातीचे, त्याच वयाचे, त्याच हंगामातले, स्वच्छ पाण्यातले मासे लागतातच. यकृताचं वजन भागिले माशाचं वजन गुणिले शंभर हा साधा आकडाही हे सगळं धरूनच वाचायचा. एका माशाच्या एका पट्टीवरून बातमी करणाऱ्यांचा मला राग येतो, आणि तेवढाच राग "एवढ्याने काय होतंय" म्हणणाऱ्यांचाही येतो.

प्रत्येक रसायनासाठी शेकडो मासे मारावे लागू नयेत म्हणून आता पेशीच वेगळ्या वाढवतात. यकृतातून कोलॅजिनेज नावाचं विकर सोडलं की पेशींना बांधून ठेवणारा लुकण विरघळतो आणि पेशी सुट्या होतात. त्या तबकडीत ठेवून त्यांच्यावर थेंबाथेंबाने रसायन घालून बघायचं. काही पेशींचे वंश वर्षानुवर्षं टिकवलेले आहेत. ट्राउट माशाच्या यकृताचा एक वंश जगभर वापरला जातो, आणि आपल्याकडे लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोमध्ये माशांच्या पेशीवंशांचा राष्ट्रीय साठाच आहे. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटी द्रावणाला जांभळं करते, मेलेली करत नाही. मग जांभळेपणा मोजला की किती पेशी वाचल्या ते कळतं. डीएनए तुटलंय का हे बघायची युक्ती मला सगळ्यात आवडते. पेशी जेलमध्ये ठेवून वीज सोडली की तुटलेले तुकडे पुढे सरकतात आणि चमकदार डोक्यामागे शेपूट निघते. धूमकेतूच. शेपूट जितकी लांब, तितकी मोडतोड जास्त. तबकडीतली पेशी सगळं सांगत नाही, तिला ना कल्ले ना आतडी. पण शंभर रसायनांतून संशयित दहा निवडायला ती पुरते.

"मग मासे खायचे की नाही?" हा प्रश्न वर्गात नाही तर लग्नाच्या पंगतीत विचारला जातो. मी खातो. यकृत आणि पोटातली चरबी काढून टाकतो, ती तशीही मावशी काढतात. कॅडमियम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडात साठतं, चरबीत बसणारी रसायनं चरबीत, तेव्हा त्याने बराच भाग जातो. पारा मात्र मांसात साठतो, तो काढता येत नाही, आणि मोठ्या शिकारी माशात जास्त असतो. म्हणून मोठ्या मरळीपेक्षा छोटा मासा बरा. रंगीत नाल्याच्या तोंडाशी गळ टाकून पकडलेला मासा मी कुणी फुकट दिला तरी घेत नाही.

पाणी सुधारलं तर यकृत सुधारतं का, हे माणसांनी नकळत करून पाहिलं आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ब्लॅक नावाची नदी आहे. तिच्या काठी पोलाद कारखान्याच्या कोक भट्ट्या होत्या. तिथल्या मिशाळ माशांच्या यकृतात गाठींचं प्रमाण भयंकर होतं. 1983 साली भट्ट्या बंद झाल्या आणि काही वर्षांत गाठी घटल्या. मग 1990च्या सुमारास नदीतला विषारी गाळ उपसला गेला, ढवळाढवळ झाली आणि गाठी पुन्हा वाढल्या. गाळ गेल्यावर त्या परत उतरल्या. उजनीतला गाळ काढायच्या गोष्टी आपल्याकडे निघतात तेव्हा मला ही नदी आठवते. गाळ काढू नये असं नाही. पण काढायच्या आधी त्यात काय बसलंय ते तपासावं, आणि काढताना व काढल्यावर माशांची यकृतंही बघत राहावी.

पट्टी रंगवायचा प्रकार राहिलाच. बिनरंगी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ दिसतच नाही, म्हणून तिला रंगवावं लागतं. केंद्रकासाठी हेमॅटॉक्सिलिन, एका झाडाच्या लाकडातला रंग, आणि बाकीच्या पेशीला गुलाबी इओसिन. हेमॅटॉक्सिलिन एकटा धरत नाही, त्याला तुरटी लागते. माझे वडील हे ऐकून हसले होते. रंग धरायला तुरटी लावणं ही रंगाऱ्यांची जुनी रीत, तिला प्रयोगशाळेत इंग्रजी नाव लावलं एवढंच. तुरटीतून काढल्यावर केंद्रकं आधी लालसर-जांभळी दिसतात. ती निळी व्हायला पाणी थोडं अल्कधर्मी लागतं. डिस्टिल्ड पाण्यात ती निळी होत नाहीत. आमच्याकडे नळ रोज येत नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात निळ्या ड्रममध्ये पाणी भरून ठेवलेलं असतं. उजनीचंच. पट्टी त्यात बुडवायची, पाच मिनिटं थांबायचं. उजनीतल्या माशाच्या यकृतातली केंद्रकं हळूहळू निळी होतात.